दोन पांढऱ्या वेलांची जांभळी फुलं

९ फेब्रुवारी

चि. टिचकीस मामाचे अनेक आशीर्वाद.

लहानपणी तुला कोणाचं लक्ष हवं असलं की तू त्याच्या दंडावर टिचकी मारायचीस. आज ते काम मी पत्राने करतोय. हातातले छपाईचे खिळे खाली ठेव आणि माझं ऐक. बहिऱ्या भाचीला ‘ऐक’ म्हणायची माझी खोड काही जात नाही, तेव्हा टोमणा मारायचे कष्ट घेऊ नकोस, तो मी मारून घेतला आहे.

बागेत माझं डोकं फिरायची वेळ आली आहे. इथे बियाण्यांसाठी फुलवेल लावतो, त्यात स्वीट पी असते. वाटाण्याच्या नात्यातली, पण शेंगा खायच्या नाहीत, फुलं बघायची आणि हुंगायची. माझ्याकडे तिचे दोन पांढरे वाण आहेत. एकाची पाकळी लांबट, दुसऱ्याची गोलसर. दोन्हीही पिढ्यान् पिढ्या पांढरेच, त्यात कधी रंगाचा ठिपका नाही. मला हवं होतं लांबट पाकळीचं, टिकाऊ पांढरं फूल, म्हणून मागच्या हंगामात दोघांची सोयरीक लावली. कळी उमलायच्या आधी चिमट्याने उघडायची, तिचे पुंकेसर काढायचे, दुसऱ्या वेलाचा पराग कुंचल्याने लावायचा आणि वर मलमलीची पिशवी बांधायची, म्हणजे मधमाशी लुडबुड करत नाही. हे मी झोपेतही करीन.

त्या बिया यंदा फुलल्या. सगळ्या जांभळ्या. फिकट नाही, अगदी गडद जांभळ्या. औषधालासुद्धा एक पांढरं फूल नाही.

बागेचे साहेब म्हणाले, “मामा, पिशवी फाटली असणार. पराग दुसरीकडून आला.” म्हणताना ते माझ्या चष्म्याकडे बघत होते. पिशवी फाटली नव्हती. मी पुन्हा तीच जोडी लावतोय, पण उत्तर मिळायला वर्ष जाईल आणि तोवर मला धीर धरवणार नाही. तू लहान असल्यापासून माझ्या चुका काढत आली आहेस. ही काढ.

जावईबापूंना आशीर्वाद.

तुझा,
मामा


२१ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझी चूक नाही. चष्मा बदल, पण चूक नाही.

पत्र मी प्रेसमध्ये जेवणाच्या सुट्टीत वाचलं. मशीन चालू होतं, फरशी पायाखाली थरथरत होती, मालक एका गिऱ्हाइकाच्या कानात ओरडत होते. या छापखान्यात शांतपणे विचार करू शकणारी मी एकटीच, हे तुला माहीत आहे. तर मी काय विचार केला ते सांगते.

समज, दोन छापखाने आहेत. एकाकडे शाई आहे पण शाई लावायचा रूळ मोडलाय. दुसऱ्याकडे रूळ धड आहे पण शाई वाळून गेली आहे. दोन्हीकडून कागद बाहेर येतात ते कोरे. रस्त्यावरून जाणारा म्हणेल, दोघेही सारखेच भिकार. पण दोघांचं नडलंय ते वेगवेगळ्या ठिकाणी. उद्या दोघांनी भागीदारी केली आणि सामान एका खोलीत आणलं, तर पहिल्याच दिवशी कागद झकास छापून येईल. तुझे पांढरे वेल म्हणजे कोरे कागद असतील. पांढरं दिसणं एक, पांढरं असण्याचं कारण वेगळं. बघ पटतंय का.

आता माझी बातमी. मला दिवस गेले आहेत. सप्टेंबरात होईल. तुझा जावई, आमचा फ्रेमवाला, तेव्हापासून दुकानात गिऱ्हाइकांच्या फोटोंना उलट्या चौकटी बसवतोय. आम्ही दोघं जन्माचे बहिरे, तेव्हा तिसरंही तसंच येणार हे धरूनच चाललो आहोत. घरात हातांची तिसरी जोडी. रात्री रडलं तर त्याचा त्रास शेजाऱ्यांना, आम्हाला नाही. पाळण्याला दोरी बांधून ती माझ्या मनगटाला अडकवायची असं फ्रेमवाल्याने ठरवलं आहे.

आई असायला हवी होती असं फार वाटतं.

तुझी,
टिचकी


४ मार्च

चि. टिचकीस,

तुझं पत्र वाचून मी बागेतून घरी येताना दोनदा रस्ता चुकलो. एक तर आजोबा होणार म्हणून, आणि दुसरं, तुझा छापखाना डोक्यात बसला म्हणून.

ते अगदी बरोबर आहे. यात फक्त एक गोष्ट घाल. प्रत्येक जिवाकडे सगळं सामान दुहेरी असतं. एक संच आईकडून, एक बापाकडून. रूळ दोन, शाईचे डबे दोन. त्यातला एक चांगला असला तरी काम भागतं आणि बाहेर कोणाला पत्ताही लागत नाही की दुसरा बिघडलेला आहे. दोन्ही बिघडलेले वाट्याला आले, तरच कागद कोरा.

म्हणजे तुझ्या आईबापांना स्वच्छ ऐकू येत होतं, तरी दोघांकडे तोच एकेक डबा वाळलेला होता. देताना दोन्हीतला कुठला जाईल ते कोणाच्या हातात नसतं. चारात एकदा दोघांकडून वाळलेलाच जातो. तो तुझ्या वाट्याला आला. बस, इतकंच. तुझ्या आईला जन्मभर वाटत राहिलं की ती सातव्या महिन्यात जिन्यावरून घसरली म्हणून तू अशी जन्मलीस. तिने हे मला कितीतरी वेळा विचारलं आणि मी नुसता ‘नाही गं’ म्हणत राहिलो, कारण मला काही ठाऊक नव्हतं. आज ती असती तर हे पत्र आधी तिला वाचून दाखवलं असतं.

आता नीट वाच. तू एक पांढरा वेल, जावई दुसरा. त्यांची आत्याही जन्मापासून बहिरी, म्हणजे त्यांच्याकडेही हे घराण्यातूनच आलं आहे. तुमच्या दोघांचं नडलंय ते एकाच जागी असेल, तर मूल तुमच्यासारखं. पण वेगवेगळ्या जागी असेल, तर तुझ्याकडचा धड रूळ त्याला मिळेल, त्यांच्याकडची धड शाई मिळेल, आणि मूल ऐकेल. तुमची घराणी दोन टोकांची, नात्याचा दूरचाही धागा नाही. माझं मन म्हणतं, जांभळं.

मला राहवलं नाही. तुझ्या सासूबाईंनाही कालच लिहून टाकलं. त्यांना केवढा आनंद होईल.

तुझा,
मामा


३० मार्च

चि. टिचकीस,

पत्र नाही. पोस्टमनला विचारलं तर तो माझ्याकडे केविलवाणं बघतो. तब्येत बरी आहे ना? उलट्या होत असतील तर दोन ओळी खरड, पण खरड. मी लिहिलेलं कळलं नाही असं तर नाही ना? पुन्हा समजावून सांगू का?

नव्या जोडीच्या शेंगा धरल्या आहेत. या वेळी पिशव्या दुहेरी बांधल्या, साहेबांच्या समोर.

मामा


८ एप्रिल

प्रिय मामा,

कळलं. सगळं कळलं. तू छान समजावतोस, तेच नडलं.

तू लिहिलंस की सासूबाईंना आनंद होईल. मला झाला नाही. तुझं पत्र वाचून मी आधी हसले, मग पोटावर हात ठेवून बसले आणि मला भीती वाटली. आत आहे ते ऐकणारं असेल, हा विचार मी कधी केलाच नव्हता. आमच्या घरात सगळं हातांनी चालतं. भांडणं, चहाड्या, विनोद, सगळं. ऐकणारी माणसं आमच्या घरी येतात तेव्हा पाहुणी असतात. माझं मूल माझ्या घरात पाहुणं असेल का?

आणि हे नुसतं माझ्या मनातलं नाही. तुझं पत्र मिळाल्यावर सासूबाई पुढच्याच आठवड्यात आल्या.   स्वतःच्या घरातल्या कोपऱ्याची मापं लिहून आणली होती, तिथे बसेल अशी पाळण्याची चौकट लेकाने बनवावी म्हणून. मग कागदावर मला लिहून दिलं: ‘मूल ऐकणारं झालं तर शाळेत जाईपर्यंत माझ्याकडे राहील. इथे त्याच्याशी बोलणार कोण? बोलणं कानावर पडलं नाही तर तेही मुकं राहील. रविवारी आणून दाखवीन.’

आणून दाखवीन म्हणे. मी फ्रेमवाल्याकडे बघितलं. तो खाली बघत होता. आईपुढे त्याचे हात उठत नाहीत, कधीच उठले नाहीत. त्यांना त्याच्या खुणा येत नाहीत, एकही नाही. त्या ओठ मोठे करून बोलतात, तो मान हलवतो, अर्धं समजतं, उरलेलं कागदावर. दोघांमधला सगळा संवाद बाजाराच्या यादीएवढा.

त्या गेल्यावर त्याने मला सांगितलं, “आई चुकीचं म्हणत नाही. आपण बोलायला कसं शिकवणार?”  म्हणून तुला लिहिलं नाही.

तुला लाज वाटेल, पण मी रोज सकाळी उठून मनात म्हणते की पांढरं होऊ दे.

टिचकी


२४ एप्रिल

टिचकीच्या मामांस सादर नमस्कार.

आपलं पत्र पोचलं. मूल आईपासून तोडू नये असं आपण लिहिलंत. एकदा आपणच आनंदाची बातमी कळवता आणि मग आपणच समज देता, तेव्हा मलाही चार शब्द लिहू द्या.

माझा मुलगा बहिरा आहे हे कळलं तेव्हा तो पावणेदोन वर्षांचा होता. ज्या शाळेत घातला तिथल्या बाईंनी बजावलं होतं की घरात हातवारे बिलकूल चालू द्यायचे नाहीत, हातांची सवय लागली की जीभ कायमची बसेल. मी अडाणी नव्हते, पण घाबरलेली होते. तो हात हलवायला लागला की मी ते माझ्या मांडीवर धरून ठेवायची. तो पाण्याकडे बोट दाखवायचा, मी ओठ हलवून ‘पाणी’ दाखवायची, आणि तो म्हणेपर्यंत पेला हातात देत नसे. तो रडायचा. मीही रडायची, पण बाईंनी सांगितलं होतं.

‘पाणी’ आलं. असे थोडे शब्द आले. बाकी काही आलं नाही. पुढे तो त्याच्यासारख्या मुलांत मिसळला आणि हातांनी बोलायला शिकला, तोवर मी त्याला परकी झाले होते. त्याच्या मनात काय चालतं हे मला सूनबाईच्या चेहऱ्यावरून ओळखावं लागतं. सूनबाईशी तो हसून बोलतो, मी दारातून बघते.

नातवंडाने तरी माझ्याशी बोलावं असं मला वाटतं. यात माझं काय चुकलं ते जरूर कळवावं.

आपली,
जावईबापूंची आई


२ मे

चि. टिचकीस,

सासूबाईंचं पत्र सोबत जोडलं आहे. तुला दाखवू नका असं त्यांनी कुठेही लिहिलेलं नाही, आणि त्या सगळं नीट लिहिणाऱ्या बाई आहेत. मी ते तीनदा वाचलं. त्यांच्यावर चिडायचं ठरवून बसलो होतो, ते जमलं नाही.

तुझी लाज मला वाटली नाही. उलट माझीच अक्कल कमी पडली. फुलांच्या बाबतीत मी जांभळ्याला चांगलं आणि पांढऱ्याला बिघडलेलं कधीच म्हणत नाही. बाजारात पांढऱ्याला जास्त मागणी असते. तुझ्या बाबतीत मात्र मोडका रूळ आणि वाळलेली शाई असं लिहून बसलो. छापखाना तुझाच होता म्हणून चाललं, नाहीतर तू मला टिचकी नाही, चापट मारली असतीस.

दोन गोष्टी वेगळ्या कर. मुलाच्या कानाचं जे व्हायचं ते होऊन गेलं आहे, तुझ्या पोटात रुजलं त्याच घटकेला. तू सकाळी काय म्हणतेस त्याने ते बदलत नाही, मी कोणाला काय लिहिलं त्यानेही नाही. पण कुठली भाषा बोलायची हे कुठल्याही बीमध्ये भरून येत नाही. ती मूल ज्यांच्यामध्ये वाढतं त्यांच्याकडून घेतं, आणि लहान मूल दोन काय, तीन भाषाही एका वेळी उचलतं. तेव्हा ते कुठे राहणार हे ठरवायचं बाकी आहे, आणि ते ठरवणारी तू आहेस. जावयांच्या खाली घातलेल्या मानेवर सोडू नकोस.

काय करायचं ते मला सुचत नाही. तुला सुचेल.

मामा


१८ ऑक्टोबर

प्रिय मामा,

तार मिळाली असेलच. मुलगी. नाक तुझं आहे, त्याबद्दल तिची माफी तूच माग.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नर्सच्या हातून ट्रे पडला. आम्हाला तो पडलेला दिसला, मुलगी मात्र तिकडे बघतही नव्हती, माझ्या कुशीत होती. ती दचकली. दोन्ही हात फेकून, सगळ्या अंगाने दचकली.  फ्रेमवाला खाटेवर बसला आणि त्याने तिच्या कानाला फक्त बोट लावलं, जरासं, तापलेल्या तव्याला लावतात तसं. जांभळं, मामा.

मी रडले. कशासाठी ते मलाही नीट सांगता येणार नाही.

आम्ही घरी आलो त्या दिवशी सासूबाई बाळाला न्यायला पिशवी भरूनच आल्या होत्या. मी आधीच कागद लिहून ठेवला होता: ‘मुलगी इथेच राहील. तुम्ही रोज या, हवं तेवढं बोला. तिला तुमचं बोलणं हवं आहे, ते आमच्याकडे नाही.’ त्यांनी वाचला, घडी केली, पिशवी उचलली आणि गेल्या. फ्रेमवाला त्यांच्या मागे जिन्यापर्यंत गेला आणि परत आला. मला वाटलं, रागावेल. त्याने मुलीला उचललं आणि तिच्या डोळ्यांसमोर हळूच ‘बाबा’ अशी खूण केली. आणि मग करतच राहिला.

तीन आठवडे सासूबाई आल्या नाहीत. परवा आल्या. दुपारभर पाळण्याशी बसून बोलत होत्या. मी खिडकीजवळ शिवण घेऊन बसले आणि त्यांचे ओठ वाचले. मला वाटलं होतं माझ्या कागाळ्या असतील. त्या मुलीला सांगत होत्या की त्यांच्या जिन्यातला दिवा कोणी बदलत नाही.

टिचकी


२५ फेब्रुवारी

चि. टिचकीस,

निकाल लागला. पुन्हा लावलेली जोडी फुलली, पुन्हा सगळी जांभळी. साहेबांनी वाफ्याला एक फेरी मारली आणि मला नवा चष्मा मंजूर केला, म्हणजे हार मानली असं मी धरतो.

पहिल्या जांभळ्या वेलांच्या बियाही यंदा लावल्या होत्या. त्यांचं पीक वेगळंच आलं. निम्म्याहून थोडी जास्त जांभळी, बाकीची पांढरी. पांढरं कुठे गेलंच नव्हतं, आत दडून बसलं होतं. आपली छोटीही तुझं थोडं आणि जावयांचं थोडं आत घेऊन हिंडणार आहे. तिचा जोडीदार कोण मिळतो त्यावर पुढचं. इतक्यात काळजी करू नकोस, तिला आधी दात येऊ दे.

सासूबाई येतात का? छोटी बोलते का? कोणाशी आणि कशाने? तू काहीच लिहीत नाहीस.

मामा


१६ नोव्हेंबर

प्रिय मामा,

फेब्रुवारीच्या पत्राला नोव्हेंबरात उत्तर देणारी भाची तुला मिळाली आहे. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तेवढा वेळ लागलाच.

छोटीचा पहिला शब्द हातांचा होता. आठव्या-नवव्या महिन्यात तिने मूठ उघडमीट करून दूध मागितलं. तोंडाचा पहिला शब्द नंतर आला, तो सासूबाईंनी ऐकला आणि मला कागदावर लिहून दाखवला. त्यांनी त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. आता तिचं दोन्ही चालतं. मी मनगटाला बांधायची दोरी सोडून दिली, कारण ती रडत बसत नाही. माझ्याजवळ येते आणि चापट मारते. तिला कोणी सांगितलं असेल की आईला हाक मारून उपयोग नाही?

पण खरी गंमत पुढेच आहे. कोणाशी काय बोलायचं हे तिला सुरुवातीला कळत नव्हतं. ती सासूबाईंशीही हातांनी बोलायची. पहिल्यांदा त्यांनी सवयीने तिचे हात धरले आणि खाली मांडीवर ठेवले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मुलीने हात ओढून काढले आणि तीच खूण पुन्हा केली, फार हळू, मोठी करून, एखाद्या मंद माणसाला समजावावं तशी.  सासूबाई माझ्याकडे वळल्या आणि कागद न घेता, नुसतंच भुवया उंचावून विचारलं, ही काय म्हणते?

“अजून,” मी खूण केली आणि लिहूनही दाखवलं. गोष्ट अजून सांग म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी एक खूण विचारली. मग रोज. मी शिकवते असं त्या मानत नाहीत, त्यांच्या मते त्या फक्त नातीचं समजून घेतात. त्यांचे हात तुझ्यापेक्षाही तोतरे आहेत. छोटी तीच खूण पुन्हा करून त्यांना सुधारते आणि त्या ऐकून घेतात, माझं कधी घेतलं नसतं.

परवा रविवारी फ्रेमवाला घरीच एका मोठ्या फोटोला काच बसवत होता. सासूबाई आल्या, चपला काढल्या, छोटीकडे न जाता सरळ त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्याने वर बघितलं. त्यांनी हात वर केला, परत खाली घेतला, पदराला पुसला आणि खूण केली. जेवलास का?

चुकली होती थोडी. बोटं उलट जुळली होती. त्याने काच टेबलावर आडवी ठेवली. 

जेवलो, असं त्याने उत्तर दिलं. त्या तिथेच उभ्या राहिल्या. मग त्याने अजून काही सांगितलं, इतक्या भराभर की त्यांना कळणं शक्यच नव्हतं. त्यांनी हात पुढे करून त्याला थांबवलं आणि ‘हळू’ अशी खूण केली. तो थांबला आणि पुन्हा पहिल्यापासून, एकेक शब्द करून सांगायला लागला.

हातांचं बोलणं खोलीतल्या सगळ्यांना दिसतं, त्यात कुजबुज करता येत नाही. म्हणून मी छोटीला उचललं, आतल्या खोलीत गेले आणि दार ओढून घेतलं. त्या दोघांचं बराच वेळ चाललं होतं.

तुझी,
टिचकी